मुलाचं वजन आणि आईबाबांची भावनिक समज: 'आम्ही एवढा जीव लावतो, मग चुकलं कुठे?'

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, पण दोन ओळी खरडून मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून आज नीट बसून लिहितेय. लांबेल, सवडीने वाचा.

मला समजलं ते असं. मुलगा ९ वर्षांचा, गेल्या दोनेक वर्षांत वजन भराभर वाढलं, डॉक्टरांनी लठ्ठपणाच्या गटात धरलंय. तुम्ही घरातलं गोड आणि पाकिटातलं सगळं बंद केलं तर तो चोरून खायला लागला, परवा गादीखाली रिकामी पाकिटं सापडली. आणि नेमकं त्याच आठवड्यात एका पालकसभेत कुणीतरी सांगितलं की आईबापांची भावनिक समज कमी असली की मुलं लठ्ठ होतात, तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. तुम्ही विचारलंय की हे खरं का, आमची समज कमी आहे हे तपासायचं कसं, आणि त्या पाकिटांचं काय करायचं, ओरडायचं की सोडून द्यायचं.

मी मुलांची मानसशास्त्रज्ञ आहे, वजनाची तक्रार घेऊन येणारी मुलं आणि त्यांच्या घरचे यांच्यासोबत २२ वर्षं काम करतेय, बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ सोबत असतात. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, तेव्हा जे लिहितेय ते अनुभवातून आणि वाचनातून, तपासणीच्या जागी ते धरू नका.

आधी ते सभेतलं वाक्य मनातून काढा. त्यात खऱ्याचा अंश आहे पण तुमच्यापुढे ते ज्या तऱ्हेने आलं ती तऱ्हा चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा, ५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये वजन जास्त असलेली १९९० साली साधारण ८ टक्के होती, २०२२ मध्ये ती २० टक्के झाली, म्हणजे ३९ कोटींच्या वर मुलं आणि त्यातली १६ कोटी लठ्ठपणाच्या गटातली. आता ३२ वर्षांत जगभरच्या आईबापांची समज एवढी आटली असं कोण म्हणेल? बदललं ते भोवतालचं, हाताशी सतत गोड-तेलकट-पाकिटबंद खाणं, पळायला जागा नाही, स्क्रीनपुढे बसून जाणारे तास, कमी झोप (६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांची तेवढी होत नाही). त्यात आनुवंशिकता. माणसामाणसांच्या वजनात जो फरक दिसतो त्यातला ४० ते ७० टक्के जन्मजात असतो असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं, म्हणून एकाच घरातली दोन भावंडं एकाच ताटातलं खाऊन एक काटकुळं आणि एक गुटगुटीत निघतं.

आणि काही गोष्टी थेट डॉक्टरांच्या असतात. वजन वाढतंय पण उंची थांबलीय, मानेवर काळसर मखमलीसारखा पट्टा आलाय, झोपेत जोरात घोरतो आणि मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो, किंवा स्टिरॉइड, फिट्सचं किंवा मनाच्या आजाराचं एखादं औषध चालू झाल्यापासून वजन वाढलंय, यातलं काहीही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवून घ्या. त्याला भावनांची भाषा शिकवत बसलो आणि खरं कारण थायरॉइड निघालं असं व्हायला नको.

एवढं सगळं बाजूला काढूनही एक तुकडा उरतो, आणि तो घरात आपल्या हातात असतो म्हणून मला मोलाचा वाटतो. मूल अस्वस्थ होतं तेव्हापासून त्याच्या तोंडात काहीतरी जातं तोवर जी एक-दोन मिनिटं असतात, त्या मिनिटांत घरात काय घडतं? भावनिक समज म्हणजे काय हे मला विचाराल तर मी त्या दोन मिनिटांकडे बोट दाखवीन.

याची गोष्ट जुनी आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या हिल्डे ब्रुख या डॉक्टर बाईंनी १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लठ्ठ मुलं आणि त्यांची घरं अभ्यासली. पुढे त्यांनी असं मांडलं की तान्ह्या बाळाला आपल्याला नेमकं काय होतंय ते कळत नसतं, भूक, थंडी, भीती, कंटाळा, सगळ्याला त्याच्याकडे रडणं हे एकच उत्तर. मोठी माणसं ज्या रडण्याला दूध देतात, ज्याला पांघरूण, ज्याला नुसतं उचलून घेतात, त्यावरून ते हळूहळू शिकतं की ही भूक आणि हे दुसरं काहीतरी. प्रत्येक रडण्याला खाणंच पुढे आलं तर हा फरक पक्का होत नाही, आणि मूल मोठं झालं तरी मन बिथरलं की पोटाकडेच जातं. ब्रुखबाईंनी आयांवर जरा जास्तच ठपका ठेवला असं मला वाटतं, तो काळच तसा होता, पण त्यांचं हे निरीक्षण टिकलं. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांवर एक मोठा अभ्यास चालू आहे, त्यात दिसलं की भूक मोठी की लहान हे बरंचसं जन्मजात असतं, पण मन खराब झालं म्हणून जास्त खाणं ही सवय मात्र लहानपणी मुख्यतः घरच्या वातावरणातून येते. हे मला खूप आशेचं वाटतं, कारण जे शिकलेलं असतं ते बदलता येतं.

आता एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक बाबा आणि त्यांची ६ वर्षांची मुलगी आले होते. आम्ही मोठे बोलत होतो, ती जमिनीवर ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. आठ-नऊ ठोकळे झाले आणि मनोरा कोसळला. तिचा खालचा ओठ बाहेर आला, डोळे भरले, पाणी अजून गालावर उतरलं नव्हतं, तोवर बाबांचा हात पिशवीच्या चेनमध्ये गेलेला. बिस्किटाचा पुडा निघाला, कोपरा फाडलेला, वर रबरबँड. त्यांनी तो न बघताच काढला, माझ्याशी चाललेलं वाक्यसुद्धा तुटलं नाही, एक बिस्कीट तिच्या हातात गेलं, तिने चावलं आणि मनोऱ्याकडे परत बघितलं नाही. मी विचारलं, आत्ता तुम्हाला काय झालं हो? ते म्हणाले मला कुठे काय, तिला वाईट वाटलं. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने ते स्वतःच म्हणाले, ती रडायला लागली की माझ्या छातीत कसंतरी होतं, मला ते सोसतच नाही.

मी तुम्हाला सांगू इच्छिते ते सगळं या प्रसंगात आहे. या माणसाचं प्रेम कमी होतं का? अजिबात नाही. मुलीचं दुःख त्याला ओळखू आलं नाही का? तिच्या आधी ओळखू आलं! मग कमी काय पडलं, तर ते दुःख तिथे मिनिटभर राहू देण्याची ताकद. बिस्कीट मुलीच्या हातात गेलं पण शांत करायचं होतं ते बाबांच्या छातीतल्या धडधडीला. म्हणून 'आम्ही एवढा जीव लावतो मग समज कमी कशी' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की जीव लावणं आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कित्येकदा जास्त जीव लावणाऱ्या घरातच मुलाचं रडणं कुणाला बघवत नाही. तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघंही उशिरा घरी येता आणि येताना त्याच्यासाठी काहीतरी आणता. ते आणणं त्याच्या भुकेसाठी असतं की दिवसभर जवळ नव्हतो या खंतीसाठी, हे एकदा स्वतःला विचारून बघा, आणि उत्तर काहीही आलं तरी स्वतःला झोडपू नका. ही खंत बहुतेक आईबाबांना असते, मलाही होती, मुलं लहान असताना माझ्याही पर्समध्ये त्यांच्यासाठी काहीतरी खाऊ असायचा.

आणखी एक, हे एकतर्फी नसतं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइम शहरात शेकडो मुलांचा वयाच्या चौथ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला गेला, त्यात दिसलं की ज्या मुलांना शांत करायला खाऊ दिला जायचा ती पुढे मनासाठी जास्त खाऊ लागली, पण उलटही खरं निघालं, ज्या मुलांचं मन खाऊने पटकन शांत व्हायचं त्यांना आईबाबा पुढे जास्त खाऊ देऊ लागले. साहजिकच आहे, उपाय चालला की माणूस तोच परत करतो. काही मुलं जन्मतःच तापट, हळवी, लवकर बिनसणारी असतात, त्यांच्या आईबाबांची रोज परीक्षा असते. म्हणून दोष कुणाचा हे शोधण्यात मी वेळ घालवत नाही.

आता बंदीबद्दल, कारण तुमची खरी अडचण आत्ता ती आहे. आणि इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. कामाला लागले त्या पहिल्या वर्षांत मी पालकांना बेलाशक सांगायचे, खाऊच्या कपाटाला कुलूप लावा, घरात आणूच नका, आठवड्याला वजन करून भिंतीवर तक्ता लावा. एका १० वर्षांच्या मुलीच्या घरी हे सगळं अगदी मनापासून पाळलं गेलं. तीन महिन्यांनी तिची आई कंपासपेटी घेऊन आली. आत पट्टी आणि पेन्सिलींच्या खाली चॉकलेटची रिकामी वेष्टनं होती, प्रत्येक घडी घालून, नखाने दाबून, टपाल तिकिटाएवढी केलेली. एवढ्या लहान मुलीने लाजेपायी किती बारकाईने ते काम केलं असेल! आई म्हणाली, तुम्हीच सांगितलं होतं ना कुलूप लावायला. हो, मीच सांगितलं होतं. वजन तर कमी झालं नव्हतंच, वर मुलगी आईपासून लपायला शिकली होती.

हे का होतं ते तेव्हा मला माहीत असायला हवं होतं. लीअन बर्च या अमेरिकी संशोधिकेने लहान मुलांवर बरेच प्रयोग केले, १९९९ मध्ये छापून आलेल्या कामात त्यांनी दाखवलं की एखादा पदार्थ मुलांना दिसतो पण घ्यायची बंदी आहे असं केलं की त्याच पदार्थाची बडबड आणि मागणी वाढते, मिळेल तेव्हा हातही जास्त मारला जातो. उलट बाजूही त्यांनीच १९८४ मध्ये दाखवलेली, अमुक संपवलंस तर बक्षीस म्हटलं की ते अमुक मुलांना आधीपेक्षा कमी आवडायला लागतं. म्हणजे 'हे खाल्लंस तर ते देईन' या एका वाक्यात आपण दोन्ही बाजूंनी नुकसान करून घेतो, चांगलं खाणं शिक्षा ठरतं आणि गोड खाणं इनाम.

मग काय मोकळं सोडायचं? नाही. लोक इथेच गोंधळतात, समजूतदार आईबाप म्हणजे कशालाच नाही न म्हणणारे असं धरून चालतात. अमेरिकेत पहिलीतल्या ८७२ मुलांचा एक अभ्यास २००६ मध्ये आला, आयांच्या वागण्याचे चार गट केले होते. माया आणि शिस्त दोन्ही असलेल्या घरांत सुमारे ४ टक्के मुलांचं वजन जास्त होतं, लाडावणाऱ्या घरांत आणि लक्षच नसलेल्या घरांत जवळजवळ १० टक्के, आणि माया कमी पण धाक जास्त अशा घरांत १७ टक्के. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, हे मीही पालकांना सांगते, पण २२ वर्षांत मी जे बघितलं त्याच्याशी हे जुळतं. धाकाच्या घरातलं मूल आपल्या पोटाचं ऐकायचं सोडून मोठ्यांच्या डोळ्यांकडे बघून खातं, आणि ते डोळे समोर नसले की त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही.

मी स्वतः जी वाटणी वापरते ती आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची. काय खायचं, केव्हा आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यात चर्चा नाही. त्यातलं किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे पण दुसरा भाग आईबाबांना फार जड जातो, लठ्ठ मुलाच्या आईबाबांना तर फारच, कारण 'किती' मुलावर सोपवायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. ज्याचं वजन आधीच खूप आहे त्याच्या बाबतीत मी पहिल्या काही महिन्यांत वाढप बेताचं ठेवायला आणि ताट-वाट्या लहान घ्यायला सांगते, पण तो दुसऱ्यांदा मागतो तेव्हा चेहरा बदलायचा नाही. वाढायचं. आणि ताट स्वच्छ केलंच पाहिजे हा आग्रहही सोडायचा, 'पोट भरलं' असं तो म्हणाला की तिथे थांबायचं. गोडसुद्धा पूर्ण बंद नाही, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांसोबत, बक्षीस म्हणून नाही आणि गुपचूप तर नाहीच. किती दिवसांनी हे मी एकच सांगत नाही, साखर तपासणीत काय आलंय त्यावर ते अवलंबून आहे, आहारतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

आता त्या दोन मिनिटांकडे परत येऊ, कारण हे सगळं करूनही मूल चिडलेलं, कंटाळलेलं, अपमान गिळून आलेलं असताना कपाटाकडेच जाणार. तेव्हा काय करायचं? समजा तो दार आपटून आत आला, दप्तर फेकलं आणि म्हणाला मला भूक लागलीय. आपण दोन चुका करतो. एक, लगेच काहीतरी हातात देतो. दुसरी, 'आत्ता तर खाल्लंस, भूक कसली?' असं म्हणून त्याला खोटं पाडतो. मी सांगते की भूक लागलीय म्हणाला तर ती खरी धरा, वादच नको, 'हो, पाच वाजता खायला बसूच, वीस मिनिटं आहेत', आणि मग त्याच्याजवळ बसा. 'आज दप्तर बिचारं जोरात पडलं. कशाचा तरी राग आलाय का?' उत्तर आलं नाही तरी चालतं. तुमचा अंदाज चुकला तरी चालतं, मुलं आपणहून दुरुस्त करतात, 'राग नाही, मला कुणी टीममध्ये घेतलंच नाही'. हे वाक्य निघालं की अर्धं काम झालं. मग उपाय सांगू नका, 'जाऊ दे रे, उद्या घेतील' हेही नको, नुसतं 'मग एकटाच उभा होतास?' एवढं म्हणा आणि ऐका. वाईट वाटणं कुणी थांबवलं नाही तरी ते आपलं आपण ओसरतं, हे मुलाला सांगून कळत नाही, कुणाच्या तरी शेजारी बसून ते ओसरताना अनुभवावं लागतं. अशी पन्नास-शंभर संध्याकाळ झाली की तो स्वतः म्हणायला लागतो, मला भूक नाहीये, मला बोअर होतंय.

फक्त याचा अतिरेक नको. प्रत्येक घासाला 'ही भूक आहे की भावना?' असं विचारणारे पालकही मी पाहिलेत, ते मुलाला डोळ्यांच्या पहाऱ्याइतकंच जाचक वाटतं. दिवसातून एकदा असं बोलणं झालं तरी पुष्कळ, जेवताना तर नकोच.

वजनावर बोलू का, हे बरेच जण विचारतात. घरात वजन, पोट, आकार यावर शेरे बंद, त्याच्याबद्दल, स्वतःबद्दल आणि टीव्हीवरच्या माणसांबद्दलसुद्धा. 'मी किती सुटलेय' हे तुमचं आरशापुढचं वाक्य तो ऐकत असतो. मिनेसोटा विद्यापीठात किशोरवयीन मुलांवर मोठं काम झालंय, २०१३ च्या एका लेखात होतं की ज्या घरात आईबाप वजनावरून बोलतात तिथल्या मुलांमध्ये उपास काढणं, अचानक भरमसाट खाणं असे प्रकार जास्त दिसतात, आणि जिथे चांगल्या खाण्याबद्दल बोलणं होतं तिथे कमी. नातेवाईक चेष्टा करतात तेव्हा मुलासमोरच थांबवा, 'त्याच्या शरीरावर बोलायचं नाही असं आमच्याकडे ठरलंय', एका वाक्यात. मूल ते कायम लक्षात ठेवतं.

चाचणीचं विचारलंत. भावनिक बुद्धिमत्तेच्या प्रश्नावल्या आहेत, ही कल्पना सॅलोवे आणि मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली तेव्हापासून बऱ्याच तयार झाल्या, पण त्यांतल्या पुष्कळशा आपणच आपल्याला मार्क देण्याच्या आहेत, त्यातून तुम्हाला एक आकडा आणि नवी काळजी मिळेल. त्यापेक्षा एक छोटी वही घ्या आणि ७ दिवस लिहा. मुलाने काय खाल्लं ते लिहायचं नाही! त्याला वेळेबाहेर काही दिलंत किंवा खाण्यावरून ओरडलात की त्या क्षणी तुम्हाला काय होत होतं ते लिहायचं, तीन-चार शब्दांत. दमले होते. फोन चालू होता. सासूबाई बघत होत्या. तो रडेल म्हणून भीती. बाबांनीही वेगळी लिहायची. माझ्याकडे वह्या येतात तेव्हा साधारण चौथ्या दिवसापासून एकच कारण परत परत दिसायला लागतं, आणि कामाची सुरुवात तिथून होते. कुणाचं कारण थकवा असतो, मग मुलापेक्षा त्यांच्या झोपेचं बघावं लागतं. कधी कधी वहीत रोज नुसती उदासी निघते, तेव्हा मी आधी आईची किंवा बाबांची उपचारांची सोय करते, कारण स्वतःच बुडत असलेल्या माणसाकडून मुलाच्या रडण्याला मिनिटभर तग धरण्याची अपेक्षा करणं क्रूर आहे.

म्हणूनच पहिल्या दोन-तीन भेटींना मी मुलाला बोलावतच नाही. इस्रायलमध्ये मोरिया गोलान यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की लठ्ठ मुलांवर थेट उपचार करण्यापेक्षा फक्त आईबाबांसोबत काम केलेल्या गटातल्या मुलांचं वजन जास्त उतरलं, आणि मुलांना 'माझ्यातच काहीतरी बिघाड आहे' असं वाटण्याचा प्रश्नही येत नाही. मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र, १३-१४ च्या पुढे, त्यांना वगळून चालत नाही, तिथे हिशेब वेगळा.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते. हा जादूचा उपाय नाही. अमेरिकेत पहिलटकरणी आयांना बाळाच्या रडण्याला खाण्याशिवाय इतर उत्तरं शिकवण्याचा एक नीट आखलेला प्रयोग झाला, २७९ आई-बाळं होती, तिसऱ्या वर्षी त्या मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) हे न शिकवलेल्या गटातल्या मुलांपेक्षा कमी निघाला, पण फरक लहान होता. तुमच्या मुलाच्या वयात, उंची वाढत असताना वजन आहे तिथेच थांबलं तरी ते मोठं यश असतं, डॉक्टर वर्षभर तेवढंच बघतील कदाचित. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष भेटीगाठी, तेही पूर्ण कुटुंबासोबत, असं म्हटलंय, यावरून वेळेचा अंदाज येईल. खेळणं, झोप, स्क्रीन हे सगळं सोबत चालूच हवं, त्यावर मी आज जास्त लिहीत नाही कारण ते तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय.

वाट न बघता भेटायचं असं कधी, तर तो थोड्या वेळात खूप खातो आणि थांबता येत नाही म्हणतो, खाऊन उलटी काढतो, जेवण टाळायला लागतो, किंवा 'मी घाणेरडा आहे', 'मी नसतो तर बरं' असलं काही बोलतो. अशा वेळी वजनाचा विषय बंद ठेवून थेट मुलांच्या मानसतज्ज्ञांकडे न्या.

आता पाकिटं. ओरडू नका आणि बघितलंच नाही असंही करू नका, कारण तुम्हाला सापडलीत हे त्याला बहुधा कळलंय आणि तो वाट बघतोय. आज रात्री, घरात घाई नसताना, त्याच्या शेजारी बसा, समोर नको, शेजारी, म्हणजे त्याला तुमच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. असं काहीसं म्हणा, 'गादीखालची पाकिटं मला दिसली. मी रागावलेली नाही. तुला लपवून खावं लागलं म्हणजे आम्ही सगळं एकदम बंद केलं ते जरा जास्तच झालं. आता आपण असं करू, बिस्किटं घरात येतील, आठवड्याचे दिवस आपण दोघं मिळून ठरवू, आणि त्या दिवशी सगळ्यांनी बसून खाऊ. मध्येच खूप खावंसं वाटलं तर मला येऊन सांग, मी ओरडणार नाही.' मग गप्प बसा. तो कदाचित काहीच बोलणार नाही, खांदे उडवेल आणि खेळायला पळेल. पळू द्या. ठरलेल्या दिवशी बिस्किटं टेबलावर काढा, त्याला एक बशी, बाबांना एक, आणि तुमचीही भरा.